थर्मास खोली आणि बाजेखालची शेगडी

नागपूर, ५ मार्च २०२४

विहीणबाई मनकर्णाबाई तितरमारे यांस,
महादेवराव लांजेवार यांचा नमस्कार.

दिवाळीत फोनवर आपलं जे झालं, त्यानंतर आमच्या अमोलने आणि आपल्या धर्मेंद्रने आपल्या दोघांच्या फोनवर बंदी घातली आहे. मुलं कमावती झाली की अशी फर्मानं निघू लागतात. पण पत्राचं कोणी काही बोललेलं नाही, म्हणून हे पत्र कुहीच्या एसटीने, कंडक्टरच्या हाती, डब्यात घालून पाठवतो. डबा आपलाच आहे. त्यातले लाडू संपले. जरा कडक होते.

आता मुद्दा. श्वेताचे दिवस मेच्या सुरुवातीला भरतात. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं हा रिवाज मला माहीत आहे. पण ज्यांनी तो पाडला त्यांच्या काळी पारा सत्तेचाळीसवर चढत नसावा. मी आयुष्यभर अकरावी-बारावीच्या पोरांना भौतिकशास्त्र शिकवलं आहे. उष्णतेबद्दल निदान मला तरी कोणी शिकवू नये. ती गरमाकडून गाराकडे जाते, आणि किती वेगाने जाते ते वाटेतला पदार्थ ठरवतो. लोखंडातून ती धावते, विटेतून चालते, थर्मोकोलमधून तिला रांगताही येत नाही. म्हणून मी वरच्या खोलीच्या चारही भिंती आणि छत आतून थर्मोकोलने मढवून घेतलं, त्यावर चंदेरी कागद लावला आणि खिडकी कायमची बुजवली. थर्मासमध्ये सकाळी घातलेला बर्फ दुपारीही बर्फच असतो. तशी माझी सून आणि नातवंड त्या खोलीत राहतील. एसीची गरज नाही. एसी हे शास्त्र न शिकलेल्या लोकांचं यंत्र आहे.

आपलं घर मातीचं, चुलीचं. आपल्याकडे मोकळी हवा आहे हे मला मान्य आहे, पण मे महिन्यातली कुहीची हवा तव्यावरून उठून आल्यासारखी असते. तेव्हा श्वेता इथेच राहील. मी तिला विचारलंही. "बरं बाबा," म्हणाली.

उत्तर लेखीच द्यावं. लिहिताना माणूस थोडा तरी विचार करतो.

आपला,
महादेवराव


कुही, ११ मार्च

व्याहीबुवांस मनकर्णाचा नमस्कार.

लाडू कडक नव्हते. तुमची कवळी सैल आहे, हे तुमच्या सुभद्राबाईंनी मला लग्नाच्या मांडवातच सांगितलं होतं.

थर्मास आमच्याकडेही आहे. धर्मेंद्र त्यातून शेतावर चहा नेतो आणि तो चहा संध्याकाळी पिताना तोंड भाजतं. थर्मासला आत काय भरलं आहे ते कळत नसतं. गार भरा, गार ठेवील. गरम भरा, गरम ठेवील. तुम्ही त्यात माझी पोरगी भरायला निघालात. ती बर्फाची लादी आहे का? बाईच्या अंगाला ऊब असते, आणि पोटुशी बाईच्या अंगाला तर शेगडीसारखी. भिंतीतून ती बाहेर जाणार नाही, खिडकी तुम्ही बुजवली, मग ती ऊब जाणार कुठे? गोधडी स्वतः काही गरम नसते, आतल्याची गरमी आत धरून ठेवते. एवढं गोधडी शिवणाऱ्या बाईला कळतं. त्याला अकरावी पास व्हावं लागत नाही.

आमच्या घराच्या भिंती हातभर जाड, मातीच्या. वर कवेलूंचं, भाजक्या कौलांचं छप्पर. बाहेरचं ऊन त्या भिंतीतून आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते, आणि तोवर अंगणात वारा सुटतो. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही तेव्हा आमच्या मधल्या खोलीत फरशीवर पाठ टेकली की डोळा लागतो. तुम्ही एकदाच आलात, तेही लग्न ठरवायला, आणि सगळा वेळ अंगणात बसून स्वतःच बोलत होतात. घर कुठे पाहिलंत?

मीही श्वेताला फोनवर विचारलं. "हो आई," म्हणाली. एप्रिल लागला की धर्मेंद्र तिला घ्यायला येईल.

डब्यात जवसाची चटणी आहे. ती चावावी लागत नाही.

मनकर्णा


नागपूर, ११ एप्रिल

विहीणबाईंस नमस्कार.

चटणी चांगली होती. मागच्या आठवड्यात धर्मेंद्र न्यायला आला तेव्हा मी त्याला तसंच परत पाठवलं, कारण पाडव्याला थर्मास खोलीचं उद्घाटन होतं आणि जिच्यासाठी खोली केली ती तिथे असायला हवी होती. सोहळा यथास्थित पार पडला. आमचे जुने सहकारी, गल्लीतली मंडळी, अमोलच्या ऑफिसमधले दोघं, असे सगळे खोलीत दाटीवाटीने बसले. मी दार लावून घेतलं आणि उष्णतेच्या वहनावर थोडं बोललो. खोली आरंभी खरोखर गार होती, हे सगळ्यांनी तोंड भरून कबूल केलं. पुढे जरा ऊब वाटू लागली. ती श्रोत्यांच्या उत्साहाची असावी. कोणीतरी हौसेने कूलर आणून लावला. दार मात्र मी उघडू दिलं नाही, कारण दार उघडलं की प्रयोग बिघडतो.

श्वेताला आनंदाने किंचित भोवळ आली. पाणी मारलं, लगेच सावध झाली. अमोल लोकांसमोर माझ्यावर विनाकारण ओरडला. त्याच संध्याकाळी तो तिला कुहीला सोडून आला, हे आपल्याला माहीतच आहे. याचा अर्थ माझं शास्त्र हरलं असा आपण काढाल, म्हणून आधीच लिहितो. खोलीत काही दोष नाही. दोष आत बसलेल्या माणसांत होता. ती संख्येने जास्त होती आणि सगळी जिवंत होती.

श्वेता काय म्हणते? तिच्या औषधांची पिशवी सोबत पाठवतो आहे. सुभद्रा म्हणते, गोळ्या जेवणानंतरच द्याव्या.

महादेवराव


कुही, १६ एप्रिल

व्याहीबुवांस मनकर्णाचा नमस्कार.

बंदी तुमच्या-माझ्या फोनवर आहे. सुभद्राबाईंच्या फोनवर नाही. त्यांनी मला सगळं सांगितलं. त्यांच्याच शब्दांत लिहिते, म्हणजे मी पदरचं घातलं असं तुम्ही म्हणायला नको. "ईनबाई, बंद खोलीत कूलर चालू केला, तं भिंतीले घाम सुटला. चंदेरी कागदावून पाणी टपकून राहिलं होतं. पोरगी म्हणे, बाबा, मले कसंतरी होऊन राहिलं. तं हे म्हणतात, थांब बेटा, विकिरणाचा भाग राहिला."

कूलरला खिडकी उघडी लागते, हे नागपुरातलं शेंबडं पोरही सांगेल. आत ओल कोंडली की घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही की अंग निवत नाही. तुम्ही तिथे जन्मलात, वाढलात, म्हातारे झालात, आणि विकिरणाचा भाग संपवत बसलात.

मला राग आला आहे आणि तो मी थट्टेत झाकणार नाही. ती माझी पोरगी आहे. नववा महिना लागलेली बाई दाराशी पडते आणि घरातलं मोठं माणूस त्याला आनंदाची भोवळ म्हणतं. उद्या काही बरंवाईट झालं असतं तर त्यालाही तुम्ही एखादं नाव शोधलं असतं.

आता ती माझ्याकडे आहे आणि सव्वा महिना होईपर्यंत इथून हलणार नाही. आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "काहून वं, गरम होऊन राहिलं काय?" तर म्हणाली, "थोडंसं, आई." थोडंसं तर शहरातून आलेल्या माणसाला होतंच. सवय मोडलेली असते. मातीच्या घरात अंग रुळायला वेळ लागतो.

गोळ्या मिळाल्या. जेवणानंतरच देते.

मनकर्णा


नागपूर, ८ मे

विहीणबाईंस नमस्कार आणि अभिनंदन.

नात झाली. तिथल्या दवाखान्यात सगळं सुखरूप पार पडलं हे ऐकून माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत. गल्लीत पेढे वाटले. श्वेताची तब्येत उत्तम आहे असं अमोल सांगतो. आपण तिची फार निगा राखलीत, हे मी मोकळ्या मनाने लिहितो. असं मी क्वचित लिहितो, तेव्हा हे पत्र जपून ठेवायला हरकत नाही.

मात्र अमोलने आणखी एक गोष्ट सांगितली. आपण बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवली आहे म्हणे. सध्या मे महिना चालू आहे, ही बातमी कुहीत पोचली नसेल तर मी पोचवतो. इथे काल डांबरी रस्त्याला माझी चप्पल चिकटली. अशा दिवसांत माणसाला खालून शेकण्यामागे कोणतं शास्त्र आहे, ते समजून घ्यायची मला मनापासून इच्छा आहे.

पुढच्या आठवड्यात नातीला बघायला यावं म्हणतो.

महादेवराव


कुही, १२ मे

व्याहीबुवांस मनकर्णाचा नमस्कार.

बाळंतिणीला शेक द्यायचा नाही तर काय कूलरसमोर वाळत घालायची? माझ्या आईने मला दिला, तिच्या आईने तिला. मी श्वेताच्या वेळी वैशाखातच बाळंत झाले होते, काही बिघडलं नाही. बाज सुतळीची, खाली निखारे, निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा. शेक सुतळीच्या विणीतून वर येतो आणि थेट पाठीला लागतो. त्याने हाडं धरतात, दूध येतं. अंगाला वारा लागू नये म्हणून खिडकीला गोधडी बांधली आहे. बाळाला कानटोपी, झबलं, वरून दुपट्याची घट्ट गुंडाळी. आईच्या पोटातून आलेलं लेकरू, त्याला एकदम उघडं टाकतात काय?

आणि लेकरू किती गुणी म्हणून सांगू. पहिले दोन-तीन दिवस रडली तेवढीच. आता आवाज नाही. दिवसभर निजलेली असते, दुधालाही उठवावं लागतं. शेजारच्या मीराबाई म्हणाल्या, असं समजूतदार लेकरू त्यांनी पाहिलं नाही. श्वेताच उगाच घाबरते. काल म्हणे, "आई, हिचं अंग पाह्य न." मी चुलीजवळ होते, तिथूनच म्हटलं, "लेकराचं अंग कोमटच राह्यते वं. तू निजून घे." पहिलटकरणीला असे भास होतात.

तुम्ही यायची घाई करू नका. ऊन फार आहे, एसटीत बसायला जागा नसते आणि तुमचं वय झालं. बारशालाच या.

मनकर्णा


नागपूर, १७ मे

विहीणबाई,

आपण येऊ नका लिहिलंत, म्हणून आज आलो, आणि घरी पोचताच हे लिहायला बसलो. आणि का येऊ नका लिहिलंत ते अंगणात पाय ठेवताच कळलं. कवेलू कुठे गेले? आपल्या पत्रातले ते कवेलू शोधत मी किती वेळ उभा होतो. आपला धर्मेंद्र सरळ पोरगा. विचारल्याबरोबर म्हणाला, "माकडायनं फोडून टाकले न मामाजी. मांगच्या साली टिनं टाकले." म्हणजे लेखी कवेलू, आणि बाळंतिणीच्या डोक्यावर टीन. आपण सगळं पत्रात लिहिता, एवढी एक गोष्ट लिहायची राहिली.

आपण मला हाताला धरून भिंतीपाशी नेलंत आणि म्हणालात, "लावून पाहा हात इवाई, कशी गार हाये." होती गार. मी नाकारलं नाही. मग मी स्टुलावर चढून टिनाला हात लावून दाखवला आणि माझं बोट भाजलं, हेही आपण नाकारू नये. विहीणबाई, भिंत बिचारी बाजूने येणारं ऊन अडवते. वरून टीन आग ओतत असताना तिने काय करावं? टीन तापलं की ते खालच्या सगळ्यांवर उष्णता फेकतं, मधल्या हवेला विचारतसुद्धा नाही. त्यात बाजेखाली निखारे. शिवाय सुतळीची म्हणून लिहिलेली बाज निघाली नायलॉनच्या पट्टीची, आणि तिची एक पट्टी शेगडीवर वितळून लोंबत होती. टीन, माती, नायलॉन आणि निखारे, इतकी सगळी सामग्री मला प्रयोगशाळेत कधी एकत्र मिळाली नाही.

आपण म्हणालात, "तुमच्या त्या डब्यापरीस तं बरंच हाये." मग मी बोललो, आपण बोललात, अंगणात माणसं जमली. मीराबाई मला उद्देशून काय म्हणाल्या ते मी लिहीत नाही. मला समाधान एकाच गोष्टीचं वाटलं. आपल्या दोघांचा आवाज गावाच्या वेशीपर्यंत गेला असेल, पण नात जागी झाली नाही. डोळा किलकिलासुद्धा केला नाही. इतकी स्थिर वृत्ती आमच्याच घराण्यात आहे. श्वेता मध्येच काही सांगायला बघत होती. मी म्हटलं, "एक मिनिट बेटा, हा मुद्दा होऊ दे." मग बसची वेळ झाली.

आपण हरलात असं मी म्हणत नाही. फक्त पुढच्या पत्रात कवेलूंचा उल्लेख टाळावा.

महादेवराव


गांधीबाग, नागपूर, २४ मे

बाबा आणि आई,

हे एकच पत्र आहे. दोन प्रती काढल्या, एक आपल्या घरी महालक्ष्मीनगरला आणि एक कुहीच्या एसटीने. तुम्हाला फोन केला असता तर एकाने दुसऱ्याचं काय चुकलं ते सांगितलं असतं, आणि मला तेवढं ऐकायची ताकद नाही.

त्या दिवशी बाबांची बस सुटली. आई, तू अंगणात मीराबाईंना भांडणाची हकीकत सांगत होतीस. मी बाळाला दुधाला घेतलं, तर तिने तोंड उघडलं नाही. ओठ कोरडे होते. सकाळपासून लंगोट ओला झाला नव्हता. मी कानटोपी काढली, दुपटं काढलं, आणि माझ्या हाताला चटका बसावा तसं झालं. मी ओरडले तेव्हा तू म्हणालीस, "आता काय झालं वं?" धर्मेंद्रने जीप काढली. गावातल्या दवाखान्यातून नागपूरला पाठवलं. वाटेत मी तिला ओल्या फडक्याने पुसत होते आणि ती रडावी म्हणून देवाचं नाव घेत होते.

ती आता बरी आहे. हे मी मुद्दाम मागे लिहिलं. तुम्हालाही थोडं थांबायला लागावं असं मला वाटलं.

डॉक्टरीण बाई म्हणाल्या, इन्फेक्शन नाही, दुसरं काही नाही. लेकरू तापलं आणि अंगातलं पाणी आटलं. एवढुसं बाळ स्वतःला गार करू शकत नाही, अंगावरचं काढूही शकत नाही, आणि थकलं की रडणं सोडतं. जिला तुम्ही दोघं गुणी म्हणत होतात ती थकली होती. दवाखान्यात तुम्हाला येऊ दिलं नाही, ते अमोलने नाही, मी सांगितलं होतं. ती दवाखान्यात असताना तुम्ही एकमेकांना आणखी दोन पत्रं लिहिलीत, ती कंडक्टरने अमोलला दिली. मी ती वाचली, आधीचीही वाचली होती. बाबांच्या पत्रात टिनाबद्दल दीड पान आहे, आईच्या पत्रात थर्मासबद्दल दोन. बाळ कसं आहे, हे दोघांनीही अगदी शेवटी, सहीच्या वर विचारलं आहे.

मला तुमचा फार राग आला आहे. बाबा, टीन खालच्यावर आग ओतत आहे हे तुम्हाला कळत होतं, तर त्याच्या खालून तुम्ही तिला उचलून बाहेर का नेलं नाही? आई, गोधडी आतल्याची गरमी आत ठेवते हे तूच लिहिलं होतंस ना? मग माझ्या लेकीला तशीच दुपट्यात गुंडाळलीस. तुम्हाला दोघांना सगळं माहीत होतं. तुम्ही ते एकमेकांना सांगण्यात गुंतला होतात. आणि मी "बरं बाबा" म्हणाले, "हो आई" म्हणाले, ते तुम्ही एकमेकांना पुरावा म्हणून कळवलंत. मला त्या वेळी पाय चेपून कोणी झोपू दिलं असतं तर हवं होतं. माझीही चूक आहे. मी हळू बोलले.

आता मी मिनलकडे आहे. ती माझी कॉलेजची मैत्रीण, तुम्ही दोघांनी तिला लग्नात पाहिलं आहे. खालच्या मजल्यावरचं साधं घर आहे, कूलर खिडकीत, दार उघडं. बाळ सुती झबल्यात असतं. पाऊस लागेपर्यंत मी इथेच राहीन. अमोल रोज ऑफिसातून येतो. इथे मला उष्णता कोणी समजावून सांगत नाही. बाळ दुधासाठी असं काही रडतं की वरच्या मजल्यावरचे लोक खाली येऊन विचारतात. मला त्या आवाजाने भरून येतं.

दवाखान्यातून निघताना डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "घरात कोणी मोठं माणूस नव्हतं का?" मी म्हटलं, दोन होते.

रविवारी बारसं आहे. नाव मी ठरवलं आहे, कोणाला विचारलेलं नाही. दोघांनीही या. तिला तिची आजी हवी आहे, आजोबा हवे आहेत, मलाही तुम्ही हवे आहात. फक्त आल्यावर बोलायला लागू नका. आधी हात धुवा, तिच्याजवळ बसा, तिच्या पोटावर हात ठेवा, आणि ती गरम लागते की गार, एवढंच मला सांगा.

श्वेता